मागच्या हॉलचा बाविसावा नियम

आमच्या ग्रंथालयाच्या मागच्या हॉलबाहेर एक काळी पाटी आहे. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत बावीस नियम लिहिले आहेत, डावीकडे इंग्रजीत आणि उजवीकडे तमिळमध्ये. एकवीस नियम सारख्या जाडीचे आहेत. बाविसावा मात्र एवढा ठळक आहे की फाटकातून येणारा माणूस तोच आधी वाचतो आणि मग माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारतो, "सार, इथे हे असं फार होतं का?"

फार होत नाही. एकदाच झालं, आणि ते माझ्यामुळे झालं.

दिवाळी अंकात लिहावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. मी हॉल लोकांना वापरायला देतो आणि परत घेतो. पण मद्रासला राहणाऱ्या एका मराठी कारकुनाला तुम्ही जागा देता आहात, तर त्या ठळक ओळीची हकिगत सांगतो. कुठे लांबण लागली तर क्षमा करावी. मला अर्ज तपासायची सवय आहे, लेख लिहायची नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, साताऱ्याकडून इकडे आले ते रेल्वेच्या कारखान्यात डबे रंगवायला. डब्यांवरची अक्षरं आणि आकडे तेच काढतात. आबांना वाचता येत नाही. साहेबाने कागदावर अक्षर दाखवायचं आणि आबांनी ते डब्याच्या अंगावर छापल्यासारखं उतरवायचं, अशी त्यांची तीस वर्षं गेली. आपण काय लिहिलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. रंग वाळला की डबा निघून जायचा.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. साठ सालाच्या आगेमागे मी तांबरमच्या एका कॉलेजात बी.ए. करत होतो. दुपारी वर्ग सुटला की गाडीने एग्मोरला यायचं, तिथून चालत ग्रंथालयात, आणि चार ते आठ परवाना कारकून म्हणून काम करायचं. नेमणूक सहा महिन्यांची होती. सहा महिन्यांनी ग्रंथालयाची समिती मला कायम करणार होती किंवा घरी पाठवणार होती. घरी पाठवलं तर कॉलेज सोडायचं आणि आबांच्या शेजारी ब्रश घेऊन उभं राहायचं, हे ठरलेलं होतं. रागाने कोणी ठरवलं नव्हतं. तेवढंच शक्य होतं.

आता हा परवाना म्हणजे काय ते सांगतो. ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला चाळीस खुर्च्यांचा एक हॉल आहे. नागरिकांनी सभा, व्याख्यान, चर्चा यांसाठी तो मागावा आणि आम्ही द्यावा, अशी सोय आहे. जागा सार्वजनिक, पण तेवढे दोन तास ती तुमची. या 'पण'साठी एकवीस नियम होते. अर्जावर दहा जणांच्या सह्या पाहिजेत. विषय आणि वक्त्याचं नाव आदल्या दिवशी सूचनाफलकावर लागलं पाहिजे. दार उघडं राहिलं पाहिजे आणि येईल त्याला बसू दिलं पाहिजे. इमारतीत खाद्यपदार्थ नकोत, धूम्रपान नको, विडा नको, वाद्यं नकोत, गोंगाट नको. कार्यक्रम संपला की उपस्थितांनी शेरेवहीत मत लिहावं आणि खुर्च्या भिंतीला लावून जावं. मी हे सगळे नियम पाठ केले होते. परीक्षेत नापास होण्याची भीती मला लहानपणापासून होती, आणि ही परीक्षा सहा महिने चालणारी होती.

माझे वरिष्ठ वेंकोबराव. ते तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घराण्याचं मराठी दोन-तीनशे वर्षांपूर्वी तिकडे उतरलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "जाधवा, नेम म्हणजे नेम की. माणूस पाहून बदलला तर तो नेम कसाला?" आणि लगेच पुढे म्हणाले, "पण माणूस पाहायचाच नाही असं नव्हे हं." यातला दुसरा भाग मला कळला नाही. म्हणून मी पहिला धरून चाललो.

हॉलचा शिपाई मुनुस्वामी. खुर्च्या, पंखे आणि किल्ल्या त्याच्या ताब्यात. तो मला तंबी म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ, आणि धाकट्या भावाला सांगावं तसंच सगळं सांगायचा.

तिसरे ताता. ताता म्हणजे आजोबा. निवृत्त पोस्टमास्तर, वय सत्तरीच्या पुढे, वर्तमानपत्रांच्या खोलीत रोज सकाळपासून मुक्काम. नाकात सदैव तपकीर. नियम मला पाठ होते. ताता ते जगत होते. दुसऱ्याने पेपर दहा मिनिटांपेक्षा जास्त धरला की ते घड्याळ काढून त्याच्यासमोर उभे राहत.

खरं सांगायचं तर हॉलमध्ये गर्दी कधी होत नसे. एक निवृत्त इंजिनियर दर गुरुवारी सांडपाण्याच्या नळांवर बोलत. सह्या करणारे दहा जण सह्या करून जे जात ते परत फिरकत नसत. ऐकायला एकटा मुनुस्वामी. तो आजही तुम्हाला कोणत्या उताराला किती इंचाचा नळ लागतो ते सांगेल. एकदा एक मृदंगविद्वान 'ताल आणि गणित' या विषयावर बोलायला आले. वाद्य आणलं नव्हतं. बोलता बोलता त्यांनी टेबलच वाजवायला घेतलं. मी उठून म्हणालो, "सर, वाद्यांना परवानगी नाही." ते म्हणाले, "तंबी, हे टेबल आहे. आणि तुमचंच आहे." मी वेंकोबरावांना लेखी विचारलं, 'टेबल वाजवल्यास ते वाद्य होते काय?' त्यांनी खाली लिहून पाठवलं, 'वाजवणारा चांगला असेल तर होते.' तो कागद मी जपून ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. एका संध्याकाळी बंदरावर काम करणारे सहा जण आले. त्यांच्यातला एक जण थोडं लिहायला शिकला होता. तो बाकीच्या पाचांना सही करायला शिकवणार होता. आठवड्यातून एक दिवस खोली मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी अर्ज पुढे केला आणि म्हणालो, "दहा सह्या लागतील." ते एकमेकांकडे पाहू लागले. ज्याला लिहिता येत होतं तो म्हणाला, "सार, सह्या यायला लागल्या की आणतो." आणि ते निघून गेले. नियमाप्रमाणे माझं बरोबर होतं. घरी जेवताना मी आबांच्या हाताकडेच पाहत होतो.

या पार्श्वभूमीवर गोपाळराव आले.

माझा सहावा महिना चालू होता. लेकीच्या बाळंतपणासाठी वेंकोबराव तंजावरला गेले होते. आठवडाभर परवान्यांचा निर्णय मी घ्यायचा होता, आणि आठवड्याच्या शेवटी समितीची बैठक होती. गोपाळराव जॉर्ज टाउनमध्ये एका घाऊक व्यापाऱ्याकडे कामाला होते. तेही तंजावरकडचे. टेबलाशी येऊन त्यांनी आधी माझं नाव वाचलं आणि मराठीत विचारलं, "आमचेच की तुम्ही?"

"हो. काय काम होतं?"

"खोली पायजे. एक तास. आमच्या कमलीला दाखवायचं आहे."

"काय दाखवायचं आहे?"

"काय म्हणजे? तिलाच!"

मग त्यांनी खुर्ची ओढून सगळं सांगितलं. ते राहत होते दोन खोल्यांत, आणि खाली वाळलेल्या मिरच्यांचं गोदाम. राहणाऱ्यांना सवय झालेली. पाहुण्यांना नव्हती. कमलाला पाहायला पहिलं स्थळ आलं. मुलगी पाटावर बसली आणि मुलाच्या वडिलांना शिंक आली. ऐन वेळेला शिंक, अपशकुन. मंडळी उठली. दुसऱ्या स्थळाच्या वेळी त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, उदबत्त्या लावल्या. मुलाची आत्या जिन्यातच शिंकली आणि जिन्यातूनच परत गेली.

"दोन वेळ झालं, साहेब," गोपाळराव म्हणाले. "आता तिसरं स्थळ. मुलगा पुण्याकडचा. इकडे केंद्र सरकारच्या कचेरीत आहे, लॉजवर राहतो. आई नि मामा गावाहून आले आहेत. पुन्हा कोणी शिंकला तर आमच्या घरावर शिक्काच बसतो. इथे मिरची नाही. शांत आहे. सहा माणसं फक्त."

मी नियम मनात एकापुढे एक उभे केले. धार्मिक, राजकीय आणि व्यापारी कार्यक्रमांना मनाई होती. मुलगी पाहणं यातल्या कशात बसतं हे मी प्रामाणिकपणे तपासलं. कशातच बसत नव्हतं. मी म्हणालो, "नियमात बसतं. दहा सह्या, विषय आणि वक्ता एवढं पाहिजे."

गोपाळरावांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, आपला माणूस वाट काढून देतो आहे. आणि मला वाटलं, आपण अर्ज भरून घेतो आहोत.

"विषय काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"जे बोलणं होणार असेल तेच लिहा."

"शिक्षण किती विचारतील. घरकाम येतं का विचारतील."

मी लिहिलं, 'स्त्रीशिक्षण आणि गृहजीवन'.

"वक्ता?"

"बोलणार कोण?"

"विचारतील तिलाच. बोलणार तीच."

मी लिहिलं, 'कुमारी कमला'. या अर्जात एक अक्षर खोटं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. दुसऱ्या दिवशी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दहा सह्या घेऊन आले. दहाची अट ऐकून हे परत गेले नाहीत, आणि ते सहा जण गेले. नियम दोघांनाही तोच होता.

शुक्रवारी मी सूचनाफलकावर कागद लावला. इंग्रजीत आणि तमिळमध्ये. इंग्रजी अक्षर चांगलं असावं म्हणून आबांकडून ठळक वळणं गिरवून घेतली होती. 'शनिवारी सायंकाळी पाच वाजता, मागील सभागृहात. विषय: स्त्रीशिक्षण आणि गृहजीवन. वक्त्या: कुमारी कमला. सर्वांस मुक्त प्रवेश.' नियम तसा होता. गोपाळरावांनी तो वाचला असेल, असं मी गृहीत धरलं. पुढे मला कळलं की अर्जाच्या मागचे नियम हॉल मागणारं कोणीच कधी वाचत नाही.

शनिवारी पावणेपाचला मंडळी आली. गोपाळराव जरीकाठी अंगवस्त्र घेऊन. त्यांच्या पत्नी दोन मोठे पितळी डबे घेऊन. एकात सोज्जी म्हणजे आपला शिरा आणि दुसऱ्यात गरम बज्जी, म्हणजे भजी. मुलगी पाहायला आलेल्यांना इकडे हेच द्यायचं असतं. कमला हिरव्या साडीत, मान खाली. मुलगा श्रीधर, त्याची आई आणि मामा. मी दारात उभा राहून डब्यांकडे बोट दाखवलं.

"बाई, इमारतीत खाद्यपदार्थ आणता येत नाहीत."

"अय्यो! मग मुलगी काय घेऊन येईल हातात?"

मुनुस्वामी माझ्या कानाशी आला. "तंबी, नियम इमारतीत म्हणतो. मागच्या पायऱ्या इमारतीत येत नाहीत. इंजिनियर सार सांगायचे, पायाच्या बाहेर जे असतं ते बांधकाम वेगळं." डबे मागच्या पायऱ्यांवर गेले. वास मात्र तिथे थांबायला तयार नव्हता.

पाच वाजता मी दार उघडं ठेवलं आणि ताता आत आले. पहिल्या रांगेत बसले. त्यांच्यामागून दोन शाळामास्तर आले, एक विमा एजंट, टायपिंगच्या क्लासातल्या तीन मुली, माझ्याच कॉलेजातले तिघे, सांडपाण्याचे इंजिनियर. एकूण अकरा जण. हॉलच्या इतिहासात एवढी गर्दी कोणी पाहिली नव्हती.

गोपाळराव माझ्याकडे धावले. "हे कोण?"

"नागरिक."

"त्यांना बाहेर काढा की!"

"काढता येणार नाही. दार सर्वांना उघडं असतं."

"पण आम्ही मुलगी दाखवतो आहे, साहेब!"

"हो. म्हणजे सर्वांना."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं आहे. कागद फाडून लोकांना परत पाठवता आलं असतं. पण तसं करावं तर नियम मोडतो आणि नोकरी जाते. न करावं तर एका मुलीचं लग्न मोडतं आणि त्याचा बोभाटा होऊन नोकरी जातेच. मी काहीच केलं नाही. भित्रा माणूस काही न करण्यालाच कर्तव्य म्हणतो.

मामा कुजबुजले, "ताई, मद्रासला मुलगी अशीच दाखवतात काय?" मुलाची आई म्हणाली, "देश तसा वेश. बस गप्प."

ताता उठले आणि पोस्टमास्तरकीच्या सवयीने अध्यक्षाच्या खुर्चीत जाऊन बसले. "वेळ झाली आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "वक्त्यांनी सुरुवात करावी."

कमलाने मान वर केली. आधी वडिलांकडे पाहिलं, मग फलकावरच्या स्वतःच्या नावाकडे. तो कागद मी हॉलच्या दारावरही लावला होता. मला वाटलं, ही आता रडणार. ती उभी राहिली. एक वाक्य मराठीत आणि तेच पुन्हा तमिळमध्ये, असं ती बोलू लागली.

"मला भाषण येत नाही. माझं नाव लागलं आहे म्हणून बोलते. मी मॅट्रिक झाले. पुढचं शिक्षण मिरच्यांच्या गोदामावर झालं. मिरची निवडताना डोळ्यांत पाणी येतं, पण त्याला रडणं म्हणत नाहीत, हे मी तिथे शिकले. चांगली आणि किडकी कशी ओळखायची तेही. आणि एक पाहिलं. मिरचीवर राहणाऱ्या माणसाला शिंक येत नाही. शिंक येते ती पाहुण्याला. पण अपशकुनी ठरतो तो राहणारा."

टायपिंगच्या मुलींपैकी एकीने टाळी वाजवली आणि गोंगाटाचा नियम आठवून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. नोकरीत नियमाकडे काणाडोळा करण्याची माझी ती पहिली वेळ.

मुलाची आई पुढे सरकली. "भाषण छान केलंस गं. स्वयंपाक येतो का?"

"प्रश्न शेवटी," ताता म्हणाले. "हात वर करून."

त्या माउलीने खरोखर हात वर केला. तिला उत्तर मिळालं: येतो, पण तिखट कमी लागेल अशी अपेक्षा धरू नये. मग एका शाळामास्तरांनी हात वर केला आणि तमिळमध्ये विचारलं, "हे समोर बसलेले गृहस्थ कोण?" कमला म्हणाली, "हे मला पाहायला आले आहेत." "असं होय! मग त्यांनाही दोन प्रश्न विचारायला हवेत." आणि श्रीधरला अकरा नागरिकांनी प्रश्न विचारले. काय वाचता? लॉजवर किती दिवस राहणार? बायकोला ग्रंथालयात येऊ द्याल का? विमा उतरवला आहे का? इंजिनियरांनी विचारलं की नव्या बिऱ्हाडात मोरीचा नळ किती इंची आहे. श्रीधरला घाम फुटला, पण प्रत्येकाला त्याने सरळ उत्तर दिलं. नळाचं माहीत नाही, बघून सांगतो म्हणाला. कमला पहिल्यांदा हसली.

ते हसू मुलाच्या आईने पाहिलं. तिने मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. ती म्हणाली, "बरं का गोपाळराव, आम्हाला मुलगी..."

आणि ताता शिंकले.

तपकिरीची शिंक होती ती. खिडकीच्या काचा वाजल्या. गोपाळराव खुर्चीत मागे टेकले ते पुन्हा पुढे आलेच नाहीत. मुलाच्या आईने तोंड मिटलं. मिरची सोडून ते पाच मैल आले होते, आणि शिंक त्यांच्याआधी येऊन अध्यक्षाच्या खुर्चीत बसली होती.

"शिंकेविषयी नियम नाही," मी म्हणालो. आवाज माझाच होता. सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले. मला खरोखर वाटत होतं की हे सांगणं माझं काम आहे.

मुनुस्वामी दारातून म्हणाला, "अम्मा, एक शिंक वाईट. दोन आल्या तर चांगलं. आमच्याकडे सगळे मानतात." मी ते मराठीत सांगितलं. मुलाची आई मामांना म्हणाली, "आपल्यात असं आहे का रे?" मामा म्हणाले, "ताई, गावात गावाचं मानावं."

सगळ्यांच्या नजरा तातांकडे लागल्या. तातांनी डबी काढली, चिमूट ओढली आणि डोळे मिटले. शिंक येईना. पन्नास वर्षं तपकीर ओढणाऱ्याला मागितल्यावर शिंक येत नाही. त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. "तंबी, तू कधी ओढलेली नाहीस. ओढ."

मी मनात नियम पाहिला. धूम्रपान नको, विडा नको. तपकिरीबद्दल काही नव्हतं. गोपाळराव माझ्याकडे पाहत होते. त्यांना तिथे आणून बसवलं होतं मीच. मी चिमूट घेतली आणि ओढली.

मला सात शिंका आल्या. चष्मा पडला. चौथ्या शिंकेला मी भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर आदळलो आणि त्या एकामागून एक कोसळल्या. मामा बोटांवर मोजत होते. "ताता एक, हे सात. आठ! सम आली, ताई, सम आली!" हॉल हसत होता, टायपिंगच्या मुली टाळ्या वाजवत होत्या, आणि मुलाची आई डोळे पुसत म्हणत होती, "पसंत आहे हो, पसंत आहे. आता त्या पोराला पाणी द्या कोणीतरी."

मी चष्मा शोधून डोळ्यांवर ठेवला. दारात समितीचे मानद सचिव उभे होते.

उंच, वृद्ध, हातात छत्री. कधी न येणारे. उद्याच्या बैठकीआधी एकदा सगळं पाहून घ्यावं म्हणून आले असतील.

"हे काय चाललं आहे?" त्यांनी विचारलं.

"सर, स्त्रीशिक्षण," मी म्हणालो आणि आठव्यांदा शिंकलो.

"आणि हा वास?"

"बज्जी, सर. पण ती इमारतीच्या बाहेर आहे."

ताता खुर्चीतून न उठता म्हणाले, "उशीर झाला तुम्हाला. सभा संपत आली आहे. मागे जागा आहे, बसा." सचिव क्षणभर थांबले आणि खरोखर बसले. तातांपुढे कोणीही बसतं.

त्या रात्री मी घरी आबांना म्हणालो, "ब्रश काढून ठेवा." त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "तुज्या हाताला जड हुईल तो. ल्हान बघतो."

वेंकोबराव रविवारी सकाळच्या गाडीने परत आले, आणि तीन वाजता बैठक होती. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला होता. मी चार पानं लिहिली: कोणता नियम पाळला, कोणता वाकला, कुठे मी दुसरीकडे पाहिलं. वेंकोबरावांनी ती वाचली आणि कपाळाला हात लावला. "अरे, खुलासा मागितला की कबुलीजबाब? टाळ्यांकडे तू पाहिलं नाहीस, हे कसाला लिहिलंस?"

"तसं झालं, सर."

"असू दे." त्यांनी माझ्या पानांवर शेरेवही ठेवली आणि दोन्ही घेऊन आत गेले. मी बाहेर बाकावर बसलो.

आत काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. सचिवांनी शेरेवही मोठ्याने वाचली. पहिली सगळी पानं कोरी होती. दर गुरुवारी मुनुस्वामीची सही तेवढी. शेवटच्या पानावर अकरा शेरे. 'अशी चर्चा दरमहा व्हावी.' 'वक्त्या उत्तम. नवरदेवाची तयारी कमी.' 'शिंकणाऱ्या तरुणाला बक्षीस द्यावे.' एक तक्रार होती, विमा एजंटाची: 'वास सर्वांना, बज्जी निवडकांना, हे सार्वजनिक संस्थेला शोभत नाही.' सचिवांनी वही मिटली आणि म्हणाले, "या हॉलला बारा वर्षं झाली. लोक इथे आले ते पहिल्यांदाच. कारकुनाला कायम करा. पण हा प्रकार पुन्हा नको. एक नियम वाढवा."

वेंकोबराव बाहेर आले. "कायम," ते म्हणाले. मग कागद पुढे केला. "नवी पाटी करायची आहे. बाविसावा नेम तुझ्यामुळे झाला, तूच लिही. आणखी काही बदलायचं आहे काय?"

मी कागद हातात घेतला. "सर, सह्या. दहाच्या जागी पाच केल्या, आणि अंगठाही चालेल असं केलं तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दहा खोडून पाच केले आणि सह्यांपुढे 'किंवा अंगठे' लिहिलं. बंदरावरचे ते सहा जण मात्र परत आले नाहीत. महिनाभर मी सुट्टीच्या दिवशी बंदराच्या बाजूला जाऊन विचारत होतो. मला त्यांची नावं माहीत नव्हती. अर्जच घेतला नव्हता ना.

कमलाचं लग्न झालं. मुलाच्या आईने मागच्या पायऱ्यांवर तिसरी बज्जी खाताना एकच अट घातली होती, "लग्नात भाषण नको." कमला अजून दर शनिवारी पुस्तकं बदलायला येते. श्रीधर बाहेर उभा राहतो; आत आला की ताता त्याला नळाचं विचारतात.

पाटी रंगवायचं काम आबांनी मागून घेतलं. दोन रविवार ते हॉलबाहेर मांडी घालून बसले होते. शेजारी माझा कागद. इंग्रजीचं वळण त्यांच्या हाताला होतंच, आणि तमिळ अक्षरांचा गोलावा त्यांनी मुनुस्वामीला हवेत काढून दाखवायला लावला. एकवीस नियम झाले. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा ब्रश थांबवून त्यांनी विचारलं, "ह्यातली तुजी वळ कंची रं?"

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काय लिवलंय?"

"या जागेत मुलगी पाहण्याचा कार्यक्रम करता येणार नाही."

तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. मग त्यांनी बारीक ब्रश डब्यात ठेवला, पिशवीतून रुंद ब्रश काढला आणि पांढऱ्या रंगात चांगला बुडवून घेतला.